बाहुलीचे लुगडे

मंडळी, या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोलून गेलेल्या विद्वानांनी बखरी, किल्ले, सनदा, संतवाङ्मय असे भारदस्त विषय घेतले. मी 'बाहुल्या' हा विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून घेतले, "कळसूत्री ना? विष्णुदास भाव्यांच्या?" मी म्हटले, नाही. घरातल्या. चिंध्यांच्या. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग ते म्हणाले, "बरं, तसं लिहून घेतो."

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' करणाऱ्या भाव्यांच्या लाकडी बाहुल्यांना मराठी रंगभूमीच्या इतिहासात मानाची जागा आहे. त्या जपल्या गेल्या, पुढे दुरुस्त झाल्या आणि पुन्हा नाचल्यासुद्धा. चिंध्यांच्या बाहुलीला ती जागा नाही. ती बायकांनी केली, मुलींनी खेळून फाडली, आणि फाटल्यावर तिच्या चिंध्या पुन्हा चिंध्यांच्या गाठोड्यात गेल्या.

माझ्याकडे अशी एकच बाहुली आहे. आमच्या लष्करातल्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा एका पत्र्याच्या ट्रंकेत, पितळी भातुकलीखाली ती सापडली. वीतभराहून थोडी उंच, दहा इंच भरते. अंगावर चंदेरीच्या तुकड्याचे लुगडे, काष्टा घातलेले. नाकात तीन मण्यांची नथ. केस काळ्या दोऱ्याचे, अंबाडा घातलेला. एका हाताची शिवण उसवली आहे. ती माझ्या आजीची, आणि केली होती आजीच्या आत्याने. आज मी जे बोलणार आहे ते या बाहुलीला समोर ठेवूनच.

बाहुलीच्या कपड्याचा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि सर्वांत रंगतदार उल्लेख महाभारतात सापडतो, तोही विराटपर्वात, ऐन युद्धाच्या तोंडावर. कौरवांनी विराटाच्या गाई वळवल्या आहेत. राजपुत्र उत्तर लढायला निघाला आहे आणि बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याचा सारथी झाला आहे. अंतःपुरात अर्जुनाकडून नृत्यगायन शिकणाऱ्या उत्तरेला आणि तिच्या मैत्रिणींना युद्धाचे फारसे काही वाटत नाही. त्या त्याला सांगतात की भीष्मद्रोणांना जिंकलेस की त्यांची तलम, रंगीबेरंगी वस्त्रे आमच्या बाहुल्यांसाठी घेऊन ये. मूळ शब्द 'पांचालिका' असा आहे. अर्जुन हसून हो म्हणतो आणि पुढे शब्द पाळतोही. संमोहनास्त्राने कौरववीर निश्चेष्ट पडल्यावर त्याला आठवण होते ती उत्तरेच्या मागणीची. तो उत्तराला रथावरून उतरवतो आणि नेमके सांगतो: द्रोण आणि कृप यांची पांढरी वस्त्रे घे, कर्णाचे पिवळे, अश्वत्थामा आणि दुर्योधन यांची निळी. भीष्मांच्या मात्र जवळ जाऊ नकोस, त्यांना या अस्त्राचा उतारा ठाऊक आहे.

लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना लोक हसत असत. मला आता तिच्यात दुसरेच काही दिसते. कुरुकुलाच्या महावस्त्रांची किंमत त्या मुलींनी केली ती कापड म्हणून: पोत कसा आहे, रंग कोणता, बाहुलीला शोभेल का. बाहुली करणारीची नजर अशीच असते. घरात फाटलेले काहीही निघाले की तिला त्यात परकर दिसतो. आपल्याच कोपरगावाकडून काशीला जाऊन राहिलेल्या नीळकंठ चतुर्धरांनी सतराव्या शतकात महाभारतावर मोठी टीका लिहिली. त्यांच्या घरातल्या मुलींच्या बाहुल्या काशीचे रेशीम नेसत असतील का, असा एक रिकामटेकडा प्रश्न मला नेहमी पडतो.

वात्स्यायनाच्या कामसूत्रातही बाहुल्यांची यादी आहे. मुलीचे मन जिंकू पाहणाऱ्याने तिला कोणती खेळणी द्यावीत हे सांगताना तो सुताच्या, लाकडाच्या, शिंगाच्या, हस्तिदंताच्या, मेणाच्या, पिठाच्या आणि मातीच्या बाहुल्या मोजतो. त्यांना नाव दिले आहे 'दुहितृका', म्हणजे लहानशी लेक. यादीत सूत पहिले आहे, हे लक्षात घ्या. पण उत्खननात आपल्याला सापडतात त्या मातीच्या आणि हस्तिदंती. सुताची बाहुली आपल्या हवेत टिकत नाही. वाळवी, ओल आणि मुलींचे प्रेम या तिन्हींपुढे तिचा निभाव लागत नाही. कोरड्या वाळूचा इजिप्त त्याला अपवाद आहे. तिथल्या बेहनेसा या ठिकाणी सापडलेली रोमन काळातली एक चिंध्यांची बाहुली ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अंग खरबरीत तागाचे, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेले. तिचे चित्र पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा आमची ट्रंक आठवली. दीड-दोन हजार वर्षांत कृती फारशी बदललेली नाही.

ती कृती थोडक्यात सांगतो. तुमच्यापैकी अनेकींना ती माझ्यापेक्षा चांगली येते, तेव्हा चूक झाली तर समजून घ्या. जुन्या धोतराचा किंवा पंच्याचा तुकडा घेऊन त्याची गुंडाळी करायची, ती झाली पाठ आणि पाय. दुसरी आडवी गुंडाळी, ते हात. कापसाचा गोळा पांढऱ्या मलमलीत घट्ट बांधला की डोके. मानेला दोरा आवळताना तो सैल राहिला तर बाहुली मान टाकते, आणि फार आवळला तर चेहऱ्यावर सुरकुत्या येतात. नाक चिमटीत धरून दोन टाके घालायचे. डोळे काळ्या दोऱ्याचे किंवा काजळाचे. बाहुलीला स्वभाव येतो तो इथे. दोन डोळ्यांत अंतर जरा जास्त पडले की ती भोळी दिसते, जवळ आले की खाष्ट. भुवई एक टाका वर गेली की चेहऱ्यावर कायमचे आश्चर्य. आमच्या बाहुलीचा डावा डोळा किंचित खाली आहे, त्यामुळे ती कोणाचे तरी बोलणे ऐकून न ऐकल्यासारखे करते आहे असे वाटते. हे मुद्दाम केलेले असेल की हात चुकला असेल, यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक भाषेची गंमत. मराठीत डोळ्यांतल्या काळ्या वर्तुळाला आपण बाहुली म्हणतो. लॅटिनमध्येही त्या भागाचे नाव, पुपिला, लहान मुलगी किंवा बाहुली याच अर्थाचे आहे, आणि संस्कृतातल्या 'कनीनिके'तही लहान मुलगीच दडलेली आहे. समोरच्याच्या डोळ्यांत आपले इवलेसे प्रतिबिंब दिसते, त्यावरून हे नाव पडले. कुठल्या कुठल्या लोकांनी एकच गोष्ट पाहिली!

असो. अंग करणे सोपे. खरे कसब नेसवण्यात आहे. इथे थोडा हिशेब करू. पाच फूट उंचीच्या बाईला नऊ वार लुगडे लागते. दहा इंचांची बाहुली तिच्या एक-षष्ठांश. म्हणजे लुगडेही एक-षष्ठांश, दीड वार लांब आणि सुमारे आठ इंच रुंद. हे कापता येते. पण धागा एक-षष्ठांश बारीक होत नाही. कापडाची जाडी तीच राहते, म्हणून बाहुलीच्या अंगावर तलम चंदेरीसुद्धा घोंगडीसारखी वागते. कमरेशी निऱ्या घातल्या की पोटावर उशी बांधल्यासारखे दिसते, काष्टा मागे खोचला की बाहुली बसकी होते. हौशीने पहिल्यांदा बाहुली करणारी प्रत्येक मुलगी इथे रडते.

जुन्या बायकांनी यावर तोडगे काढले होते. एक म्हणजे शंभर वेळा धुऊन विरत आलेलेच कापड घ्यायचे. नवे कापड बाहुलीला चालत नाही, आणि गरिबीचा याच्याशी काही संबंध नाही, जुने कापड पडते छान. दुसरा, निऱ्या ओल्या कापडावर बोटांनी घालून, दोऱ्याने बांधून रात्रभर उशाखाली दाबायच्या. कोणी तांदळाची पातळ खळ लावी. तिसरा तोडगा लबाडीचा: कमरेशी दडणारे कापड कापूनच टाकायचे आणि निऱ्या, काष्टा, पदर वेगवेगळे करून एका पट्टीवर शिवायचे. वरून लुगडे नेसलेले दिसते, खरे तर ते शिवलेले असते. दुकानातल्या जवळजवळ सगळ्या बाहुल्या या तिसऱ्या जातीच्या.

काठांचाही प्रश्न असतो. तीन इंचांचा काठ बाहुलीवर अर्ध्या इंचाचा व्हायला हवा. म्हणून बारीक काठाचे लुगडे फाटले की घरातल्या मुली टपून बसत. गावानुसार बाहुलीचे कापड बदले. बेळगावाकडे खणाची चोळी आणि इरकलीचा तुकडा. त्यात टोपपदराचा तांबडा-पांढरा भाग मिळाला तर भाग्यच, कारण एका लुगड्याला पदर एकच. इंदूरकडे महेश्वरीचा काठ, आमच्याकडे चंदेरी. शिंदेशाही पगडीही चंदेरीचीच बांधत, तेव्हा पगडीबंदाच्या दुकानातले कातरण मिळवणे हा लष्करातल्या मुलींचा उद्योग होता, असे आजी सांगे. बाहुल्याची पगडी त्यामुळे अस्सल असे. बाहुला नेहमी मागाहून आणि हलगर्जीपणे केला जाई, पण पगडी मात्र बिनचूक.

आता या कसबाची शाळा कोणती, असे कोणी विचारले तर मी गौरीकडे बोट दाखवीन. भाद्रपदात ज्येष्ठागौरी उभ्या करताना मुखवट्याखाली अंग तयार करायचे, पोटात कापड किंवा धान्य भरायचे, हात जोडायचे आणि मग नऊवारी नेसवायची, ही मोठ्या मापाची बाहुलीच. निऱ्या पुढून पसरट दिसाव्यात, पदर खांद्यावरून न ओघळता उभा राहावा, हे सासूने सुनेला गौर नेसवतानाच शिकवले. आज ज्या घरांत रोज कोणीच नऊवारी नेसत नाही त्या घरांतही वर्षातून एकदा ती नेसवता येणारी एखादी काकू असते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात आरास मांडतात, तिच्या पायऱ्यांवर घरातल्या बाहुल्या वर्षातून एकदा चारचौघांत येत, आणि आलेल्या बायका कैरीची डाळ खाताना त्यांचे काठपदर डोळ्यांनी मोजून जात.

इथे आपल्या गावाचा इतिहास येतो. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली. ती उठली नाही आणि लष्कर हेच शहराचे नाव झाले. छावणीबरोबर आलेली मराठी घरे वाड्यांत स्थिरावली. भिंतीपलीकडे बुंदेली, ब्रज बोलणारी वस्ती होती. तिकडे वैशाखातल्या आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्यतृतीयेला, गुड्डागुडियाचे लग्न लावतात. वरात, मांडव, जेवण, सगळे साग्रसंगीत. आपल्याकडे ती तिथी पितरांची आणि चैत्रगौरीच्या शेवटच्या हळदीकुंकवाची. म्हणजे ज्या दिवशी मराठी घरातल्या आराशीवरून बाहुल्या उतरत, त्याच दिवशी शेजारच्या अंगणात बाहुल्यांना हळद लागे. मुलींनी काय केले असेल ते सांगायला नको. आमच्या आजीला 'बाहुलीचे लग्न' हा मराठी खेळ वाटायचाच नाही. ती त्याला शेवटपर्यंत 'गुडियाचं लग्न' म्हणे, नवरी मराठी आणि नवरा शेजारचा. नवऱ्याच्या डोक्यावर साफा, नवरीला काष्टा. खऱ्या आयुष्यात जे त्या दोन घरांत कधी घडले नसते ते ओसरीवर दरवर्षी घडत होते आणि कोणी हरकत घेत नव्हते.

ग्वाल्हेरच्या या कापडी बाहुल्यांना बत्तोबाईच्या बाहुल्या म्हणतात. गोटा, मणी, टिकल्या लावलेल्या, भडक कपड्यांच्या, जोडीने विकल्या जाणाऱ्या. त्यात मला कौतुक वाटते ते नावाचे. आपल्या देशात कापडाला गावाचे नाव मिळते, पगडीला राजाचे मिळते. बाहुलीला ती करणाऱ्या बाईचे नाव मिळाले, असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. बाहुलीचे लग्न हा गोड खेळ म्हणून आपण त्याच्या आठवणी काढतो. पण ज्या काळात तो सर्वांत जोरात होता त्या काळात तो खेळ उरतच नसे. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी बोहल्यावर चढल्या, रमाबाई रानडे अकराव्या. बाहुलीचे लग्न लावणाऱ्या मुलीचे स्वतःचे लग्न पुढच्याच वैशाखात होई, आणि भातुकली धाकट्या बहिणीकडे जाई. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रणे माजली. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाह-प्रतिबंधाचा कायदा केला, तेव्हा मुलीचे किमान वय ठरले ते बारा. हरबिलास सारडांचा कायदा १९२९चा, अमलात आला १ एप्रिल १९३० रोजी, मुलीचे वय चौदा. आणि तो ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानी प्रजेने आपापल्या महाराजांकडे पाहायचे.

आजीची आत्या अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. सासरी ती नांदायला म्हणून गेलीच नव्हती. हे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे. तिला शिवण येत होते, आणि पुढची चाळीस वर्षे घरातल्या आणि आळीतल्या सगळ्या मुलींच्या बाहुल्या तिने केल्या. पुण्यात १९०९ साली सेवासदन निघाले, तिथे अशाच बायका शिवणकाम शिकून पायांवर उभ्या राहत होत्या. पण लष्करातून पुणे लांब होते, आणि धाडण्याचे मन त्याहून लांब. आत्याने स्वयंपाकघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून नवऱ्या केल्या. नवऱ्याच. आजी सांगे, तिला दुसरी बाहुली कर म्हटले की ती म्हणे, "नवरीला कपडे असतात गं, बाकीच्यांना काय असतं?"

आणि ज्या दिवशी ओसरीवर त्या नवरीचे लग्न लागे त्या दिवशी आत्या आतच राही. कोणी तिला येऊ नको म्हटले नव्हते. लग्न खेळातले असले तरी अक्षता होत्या, सुवासिनीचे पाच विडे होते, आणि ते मांडणाऱ्या मुलींना नियम ठाऊक होते. आजी त्यांतलीच एक होती. तिने हे मला सांगितले तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. ती म्हणाली, "आम्ही तिला खिडकीतून बाहुली दाखवायचो. लांबून."

मी अनेक घरांत आणि संग्रहांत कापडी बाहुल्या पाहिल्या आहेत. नवरी, कोळीण, मालन, वारकरी, भटजी, शिपाई, दाढीवाला काबुली. आलवण नेसलेली बाहुली मी एकही पाहिली नाही. तांबडे, जाडे, बिनकाठाचे ते वस्त्र आपल्या घराघरांत होते, रोज दोरीवर वाळत होते. बाहुल्यांच्या पेटीत ते नाही. इतिहासाचे साधन म्हणून बाहुली वापरताना हे ध्यानात ठेवावे लागते. काय नेसत होते ते ती बरोबर सांगते, पण कोणाकोणाला मोजायचे नव्हते तेही तीच सांगते. ज्यांच्या हातांनी ती घडली त्यांनाच तिने वगळले आहे.

मघाशी म्हटले की आमच्या बाहुलीच्या हाताची शिवण उसवली आहे. आत कापूस नाही. आत कापडाच्या चिंध्या भरल्या आहेत. जाड्या, तांबड्या, विटून विटकरी झालेल्या. मी त्या ओढून बाहेर काढल्या नाहीत. जेवढे दिसते त्याला काठ नाही. माझ्या बहिणीने ते पाहिले आणि काही न बोलता बाहुली माझ्या हातात परत दिली.

आता थोडे बाहेरच्या नजरेविषयी. एकोणिसाव्या शतकात साहेबाला हिंदुस्थानातल्या 'जाती आणि पोशाख' मांडून ठेवायची हौस होती. जॉर्ज बर्डवुडच्या १८८०च्या ग्रंथात कृष्णनगर, कलकत्ता आणि लखनौ यांच्या जोडीने पुण्याच्याही मातीच्या, खरे कापड नेसवलेल्या मूर्तींचे कौतुक आहे, आणि गोकाकच्या मातीच्या फळांचेही. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयात अशा वेगवेगळ्या समाजांच्या लहान मातीच्या मूर्ती आजही मांडलेल्या आहेत. कारागिरी उत्तम आहे, पगड्यांचे पेच पाहत राहावे असे आहेत. पण त्या बाहुल्यांना नाव नाही, पाटी आहे. घरची बाहुली ठकी असते, चिमी असते. तिथे ती 'अमुक जातीची स्त्री' असते. युरोपात त्यापूर्वी शे-दोनशे वर्षे फ्रान्सहून नटवलेल्या बाहुल्या दरबारोदरबारी पाठवत, नव्या फॅशनचा नमुना म्हणून. तिथे बाहुली पुढे काय नेसायचे ते सांगायला जाई. इथे ती लोक काय नेसतात हे मांडायला कपाटात गेली.

स्वातंत्र्यानंतर ही पाटी गेली नाही, फक्त बदलली. जातीच्या जागी प्रांत आला. के. शंकर पिळ्ळै या व्यंगचित्रकाराला पन्नाशीच्या दशकात हंगेरीच्या राजदूताने मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला एक बाहुली दिली. ती त्यांना इतकी आवडली की पुढे परदेशी जाताना ते बाहुल्याच गोळा करू लागले. त्यातून १९६५ साली दिल्लीत शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उभे राहिले. आज तिथे सुमारे पंच्याऐंशी देशांच्या सहा हजारांवर बाहुल्या आहेत. त्याला जोडूनच एक कार्यशाळा आहे, तिथे भारतीय पोशाखांतल्या दीडशेहून अधिक प्रकारच्या बाहुल्या होतात आणि परदेशी बाहुल्यांच्या बदल्यात जातात. तिथले काम मन लावून केलेले आहे. दागिने, काठ, नेसण, सगळे नीट पाहून. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीतली पोरे पुढे सरकायला तयार नव्हती.

पण सरकारी एम्पोरियममधून घराघरांत गेली ती या कल्पनेची स्वस्त आवृत्ती: प्रत्येक राज्याची एक जोडी. १९५६ साली भाषावार राज्ये झाली, १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, आणि बाहुल्यांची पेटीही त्या नकाशाप्रमाणे वाटली गेली. मध्य प्रदेशची जोडी आदिवासी, कर्नाटकची रेशमी साडीतली, गुजरातची घागऱ्यातली, महाराष्ट्राची नऊवारीतली. माझी नात लहान असताना तिला अशी पेटी भेट आली. तिने विचारले, "यात आपण कोणते?" आम्ही राहतो ग्वाल्हेरला, घरी मराठी बोलतो, नेसतो ती चंदेरी. मी महाराष्ट्राच्या जोडीकडे बोट दाखवले. ती म्हणाली, "पण आपण तिथे राहत नाही." मग तिने मध्य प्रदेशची जोडी उचलली आणि तीही खाली ठेवली. बेळगाव, बडोदे, हैदराबाद, गोवा इथल्या घरांतही हा प्रश्न कोणीतरी विचारलाच असेल. राज्यवार पेटीत आपल्याला खण नाही. आत्याने केलेल्या बाहुलीला ही अडचण कधी आली नाही, कारण तिने महाराष्ट्र डोळ्यांपुढे ठेवलाच नव्हता. घरात फाटलेले जे होते ते तिने नेसवले, आणि जशी ती स्वतः लहानपणी नेसली होती तसे नेसवले.

याच मध्य प्रदेशातली झाबुआची बाहुली पाहा. भिल्ल स्त्रीपुरुषांची जोडी, त्याच्या हाती धनुष्यबाण, तिच्या डोक्यावर टोपली. तीही दुकानातली, तीही पाटीची. तरी ती करणाऱ्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि बत्तोबाईनंतर पुन्हा एकदा बाहुलीबरोबर माणसांची नावे छापून आली. ती बातमी मी कापून ट्रंकेत ठेवली आहे.

आमच्या बाहुलीचे लुगडे शिवलेले की नेसवलेले, हे बघायला मी गेल्या महिन्यात ओळखीच्या एका बाईंना बोलावले. त्या गौरी नेसवण्यात वाकबगार. त्यांनी चष्मा लावून कमरेपाशी बराच वेळ पाहिले, टाचणीने निरी जरा वर केली. एकही टाका नाही. पूर्ण दीड वार, खोचून नेसवलेले, शंभर वर्षे टिकलेले. त्या म्हणाल्या, "हे सोडलं तर परत असं नेसवता येणार नाही मला." म्हणून सोडले नाही.

आपल्याकडे अशी एखादी असेल तर मंडळाच्या कचेरीत आणा, द्यायची नाही, फक्त दाखवायची. कापड कुठले, कोणाच्या लुगड्याचे, केली कोणी आणि तिचे नाव काय, एवढे आम्ही लिहून घेऊ. हाताची शिवण उसवली असेल तर तशीच राहू द्या.